मुरूम लागेपर्यंत

याकोबकाकांना 'नाही' म्हणता येत नसे. नाही म्हणायचं असलं की ते म्हणायचे, "थकलो."

एखाद्या ठेकेदाराने सिमेंट कमी आणि रेती जास्त टाकायला सांगितलं, की काका जिथे असतील तिथेच बसत, गुडघ्यांवर हात ठेवत आणि म्हणत, "मी थकलो, साहेब. दुसरा मिस्त्री पाहा." आमच्या गल्लीतल्या एकाने घराचा ओटा रस्त्यात दोन फूट पुढे घ्यायचं ठरवलं, तेव्हाही ते असेच थकले. त्याने तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा काका गेले, चुन्याची आखणी पाहिली आणि कंबर धरून परत आले. आखणी मागे सरकली, तशी कंबर बरी झाली.

त्यामुळे त्यांचं थकणं खरं कोणतं आणि कामापुरतं कोणतं, हे कोणालाच सांगता येत नसे. सलोमीकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं तर त्या म्हणत, "मलेच समजत नाही, तं तुले काय सांगू? लग्न झालं तवापासून हा माणूस थकूनच राह्यला."

काका जाऊन आता वर्ष होईल. तेव्हा माझी परीक्षा चालू होती आणि मी अमरावतीला होते. घरच्यांनी मला पेपर संपल्यावर सांगितलं. मला लिहायची सवय नाही. पण त्यांच्याबद्दल कुठेतरी नीट, पूर्ण लिहून ठेवावं असं सारखं वाटत राहतं. 'पूर्ण' का म्हणते, ते पुढे येईलच.

वाशीमला आमचं घर आणि त्यांचं घर शेजारी. दोन्हींत एकच भिंत, ती काकांनीच बांधलेली. बाबा बाजार समितीत हमाली करतात. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. इंग्रजी विषय घेतला म्हणून काका मला 'मास्तरीण' म्हणत. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती. रविवारी सकाळी ते स्वच्छ सदरा घालून चर्चला निघाले की आम्हाला वार समजे. मी एकदा काकूंबरोबर गेले होते. काका भिंतीला टेकून बसले. आधी तळहाताने भिंत चाचपली, मग पाठ टेकली, मग झोपले. पाळकसाहेबांनी शेवटच्या आशीर्वादाला हात वर केला त्या क्षणी त्यांचे डोळे उघडले. काकू म्हणाल्या, एकही रविवार चुकला नाही, ना झोपायचा ना उठायचा.

भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा वडिलांचा पितळी ओळंबा त्यांच्याकडे होता. नातवाच्या जुन्या मोज्यात घालून तो ते फळीवर बायबलच्या शेजारी ठेवत. असं अवजार पवित्र शास्त्राजवळ ठेवू नये, असं पाळकसाहेब एकदा म्हणाले. काका म्हणाले, "दोघं सरळ काय अन् वाकडं काय तेच सांगते, पाळकसाहेब. राहू द्या जवळ."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा हेच पाळकसाहेब आमच्या घरी आले. अनसिंगच्या रस्त्याला एका गावात त्यांच्या चर्चचं मुलींचं वसतिगृह आहे. खोल्या गळत होत्या, बावीस मुली एकाच हॉलमध्ये झोपत होत्या. परदेशातल्या एका चर्चची चौदा माणसं बारा दिवसांसाठी येणार होती आणि मुलींसाठी दोन खोल्या स्वतःच्या हातांनी बांधून देणार होती. त्यांचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे सांगायला कोणीतरी हवं होतं. बाबांना फार अभिमान वाटला. मला भीती वाटली. इंग्रजी मी वाचलं होतं, कोणाच्या तोंडून समोरासमोर ऐकलं नव्हतं.

"अन् मिस्त्री कोण?" बाबांनी विचारलं.

"पाहुणेच बांधतील. मदतीला आपला याकोब आहे," पाळकसाहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी ऑटोत काका माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "चौदा मजूर हायेत म्हणे, अन् मिस्त्री एकही नाही. मी हावो तं मदतीले." मग स्वतःशीच हसले आणि डोळे मिटले.

पाहुणे चांगले होते, हे मला लिहिलंच पाहिजे. कोणी नर्स, कोणी बँकेत नोकरीला, दोन माझ्याच वयाची मुलं. रजा टाकून, तिकिटाचे पैसे स्वतः भरून आले होते. त्यांचे पुढारी स्टीव्ह, निवृत्त शाळामास्तर, उंच, उन्हाने लाल झालेले. सकाळी सगळे गोल उभं राहून गाणं म्हणत, तोंडाला पांढरं मलम लावत, हातमोजे घालत आणि कामाला लागत. त्यांनी सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटली. काकांनी आपल्या डोक्याच्या रुमालावरूनच ते घातलं. हॉलच्या भिंतीवर बारा दिवसांचा छापील तक्ता चिकटवलेला होता. पाया दोन दिवस, भिंती सहा दिवस, छत, रंग. बाराव्या दिवशी उद्घाटन. रोज संध्याकाळी स्टीव्ह त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करत.

पाया तीन फूट खोल ठरला होता. पाहुण्यांनी दोन दिवस खोदलं, हातांना फोड येईपर्यंत खोदलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका पायाच्या खड्ड्यात उतरले. त्यांच्या हातात पहार होती. दर दोन हातांवर ते ती उभी आपटत आणि कान देत. आमच्याकडची जमीन वरून काळी, कापसाची. तिच्याखाली मुरूम असतो, लालसर, कडक. भिंतीचा भार त्या मुरमावर द्यायचा असतो. पहार मुरमाला लागली की ठण् वाजते. काका तीन बाजू फिरले, तिन्हीकडे ठण् वाजलं. पूर्वेच्या कोपऱ्यात आले आणि पहार नुसती आत गेली. आवाजच आला नाही.

त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"त्याईले सांग, या कोपऱ्यात मुरूम लागला नाही. इथं जुना उकिरडा असीन, वरून काळी माती टाकून बुजवला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर भिंत ठेवली तं दोन पावसाळ्यांत कोपरा खाली बसीन अन् भिंत तिरपी फाटीन. मुरूम लागेपर्यंत खंदावं लागते. मंग किती का दिवस जाईनात. आत पोरी झोपणार हायेत, हे पण सांग."

स्टीव्ह समोर उभे होते. पाळकसाहेब त्यांच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात काँक्रीट टाकायचं होतं, मिक्सर येऊन उभा होता. मुरमाला इंग्रजीत काय म्हणतात, मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शब्दाची अडचण नव्हतीच. दोन दिवस राबलेल्या पाहुण्यांना 'तुमचं चुकलं' असं मी कसं सांगू, ही अडचण होती. मी म्हणाले, मिस्त्री म्हणतात, हा कोपरा थोडा अजून खोल घेतला तर बरं होईल.

स्टीव्ह हसले. म्हणाले, त्यांना धन्यवाद सांग, त्या कोपऱ्यात आम्ही लोखंड जास्त टाकू. काकांकडे बघून त्यांनी अंगठा वर केला आणि तक्त्यावर खूण करायला गेले.

काका माझ्याकडे पाहत राहिले. "मी एवढं बोललो, अन् तुह्यं एका घोटात झालं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, काका."

"असं हाय काय," ते म्हणाले. "लय सोयीची भाषा दिसते."

परत येताना ऑटोत ते झोपले नाहीत. मी बाहेर बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा मिक्सर चालू होता आणि त्याच्यासमोर सगळे हात बांधून उभे होते. याकोबकाका पूर्वेच्या कोपऱ्यात, पायाच्या खड्ड्यात बसले होते. पाठ मातीला टेकलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पहार मांडीवर आडवी. ते तिथे बसलेले असताना काँक्रीट टाकता येत नव्हतं.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. ते खड्ड्यात वाकून हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, पाहुण्यांसमोर हा काय तमाशा?"

"थकलो, पाळकसाहेब. पाय उचलत नाहीत."

"मग सावलीत बसा. वर या."

"येतो ना. मुरूम लागला की येतो."

"मिस्त्री, हे लोक इतक्या लांबून आले. बारा दिवसांचा हिशेब आहे त्यांचा."

"तेच तं म्हणून राह्यलो. हे बाराव्या दिवशी इमानात बसतीन. भिंत फाटली तं लोक म्हणतीन, याकोब मिस्त्रीच्या हातची होती. माह्या हातची एक भिंत फाटली नाही आजवर. अन् पोरी आत झोपल्या असतीन तवा फाटली तं मी कोणाच्या दारात तोंड दाखवू?"

मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. रागावलेले नव्हते. फार दमलेल्या आवाजात म्हणाले, "मास्तरीण, आता सांग. पूर्ण सांग. तुह्याकडून काई कमी नको करू."

मी सांगितलं. काळ्या मातीचं सांगितलं, उकिरड्याचं सांगितलं, बावीस मुलींचं सांगितलं. मुरमाला मी 'खालची खरी जमीन' असं काहीतरी म्हणाले. शेवटी म्हणाले, त्यांनी हे सगळं कालच सांगितलं होतं. मी अर्धं ठेवून घेतलं. चूक माझी आहे.

स्टीव्हनी जाऊन मिक्सर बंद केला. मग ते खड्ड्यात उतरले. काका उठले, त्यांच्या हातात पहार दिली आणि आधी दुसऱ्या बाजूला नेऊन आपटायला लावली. ठण्. मग पूर्वेच्या कोपऱ्यात. पहार हातभर आत गेली आणि तोल जाऊन स्टीव्ह गुडघ्यावर आले. काकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. तिथे माझी गरज लागली नाही.

मग पुन्हा खोदणं. तो कोपरा एका वेळी दोघांनाच उतरता येईल एवढा होता. बाकीचे वर रांगेत उभे राहून मातीची घमेली पुढे देत. चौथ्या दिवशी खोदणाऱ्याचं डोकं जमिनीच्या खाली गेलं तरी मुरूम लागेना. सकाळचं गाणं बंद पडलं. एका मुलाने माझ्यादेखत हातमोजे काढून फेकले आणि लांब जाऊन बसला. पाळकसाहेब तक्त्यासमोर उभे राहत आणि निघून जात. काका सोडून सगळ्यांना वाटत होतं की खाली काही नाहीच. काकांनाही आत कुठे वाटत असेल.

पाचव्या दिवशी सकाळी स्टीव्ह म्हणाले, आज मिस्त्रींनी प्रार्थना करावी. मी सांगितलं. काकांनी हेल्मेट काढलं, रुमाल काढला. पांढरे विरळ केस पहिल्यांदा दिसले. म्हणाले, "देवा, मुरूम लागू दे. लवकर लागू दे, मी थकलो. आमेन."

मी शब्दन् शब्द सांगितला. सगळ्यांत आधी पाळकसाहेब हसले.

दुपारी जेवणाच्या आधी ठण् वाजलं. काका खड्ड्यात होते. त्यांनी पुन्हा आपटलं, पुन्हा ठण्. वसतिगृहातल्या मुली शेजारच्या शाळेतले वर्ग सोडून धावत आल्या. पाहुण्यांतला एकेक जण खाली उतरून एकेकदा पहार आपटून आला, हातमोजे फेकणारा मुलगासुद्धा. काका वर येऊन सावलीत भिंतीला टेकले. आधी भिंत चाचपली, मग टेकले.

भिंतींना सुरुवात झाली तेव्हा निम्मे दिवस संपले होते. पाहुणे विटा लावत, मागून काका चालत. वीट वाकडी असली की ते म्हणत, "गुड," ती काढत, खालचा सिमेंटचा माल थापीने सारखा करत, वीट परत बसवत, थापीच्या मुठीने ठोकत आणि पुन्हा म्हणत, "गुड." नर्सबाईंना हे दोन 'गुड' आवडू लागले. त्या मुद्दाम वीट लावून वाट बघत. एकदा काकांनी एकच 'गुड' म्हटलं आणि पुढे गेले, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाराव्या दिवशी भिंती खिडकीच्या खालच्या काठापर्यंत आल्या होत्या. छत नाही, दार नाही. उद्घाटनाची फीत मात्र आणलेली होती, ती दोन अर्धवट भिंतींच्या मध्ये बांधली आणि एका मुलीने कापली. पाहुण्यांना वाईट वाटत होतं. तिकडे चर्चमध्ये त्यांनी पूर्ण खोल्यांचं वचन दिलं होतं. स्टीव्हनी तक्ता भिंतीवरून काढून त्याची घडी घातली. मग काकांसमोर येऊन, एवढ्या दिवसांत ऐकून ऐकून पाठ झालेला एकच मराठी शब्द म्हणाले, "थकलो." काका एवढे हसले की त्यांना खोकला लागला.

त्यानंतर पाहुण्यांच्या जागी काका आणि दोन रेजा राहिल्या. माल कालवणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बायांना आमच्याकडे रेजा म्हणतात. उन्हाळा चढत होता. मी एकदा गेले तर काका भिंतीला पाणी मारत होते. नवीन बांधकामाला दिवसातून दोन-तीनदा पाणी लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. हौद लांब, नळी नाही. पिवळं हेल्मेट बादलीत बुडवून ते भिंतीवर उलटं करत होते. "इमानानं आलेली वस्तू हाय," म्हणाले, "बरोबर दोन शेर पाणी मावते."

मे महिन्यात गिलावा झाला आणि काका घरी दिसू लागले. आठवडाभर खाटेवर होते. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "थकलो म्हणते." मी हसून म्हणाले, "आता कोणाला नाही म्हणायचंय?" काकू हसल्या नाहीत. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. परीक्षा संपली होती, मी मजेत होते.

पावसाळ्यात मुली नव्या खोल्यांत राहायला गेल्या.

पुढे मी एम.ए.ला अमरावतीला गेले. खोल्यांवरून तोवर दोन पावसाळे गेले होते. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत आले, तर काका ओळखू न येण्याइतके वाळले होते. काम सुटलं होतं, चार पावलांवर धाप लागत होती, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मला म्हणाले, "मास्तरीण, उद्या रिकामी हायेस का? मले तिथं ने एकदा."

काकू म्हणाल्या, "कायले जाता? पडसान कुठंतरी."

"दोन पावसाळे झाले," काका म्हणाले. "पाहून येतो."

आम्ही ऑटो केला. वसतिगृहात सुट्टीला घरी न गेलेल्या पाच-सहा मुली होत्या. पूर्वेच्या खोलीत पाढे म्हणणं चाललं होतं. काकांनी बाहेर ओसरीतूनच तिचा कोपरा हाताने शोधला. तळहात खालून वर, पोहोचेल तिथपर्यंत फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर मले दिसत नाही. पाहून सांग. भेग हाय का?"

मी वर पाहिलं. खिडकीच्या वर भेगा होत्या.

फार बारीक होत्या. त्यांना दिसणार नव्हत्या, कधीच दिसल्या नसत्या. 'नाही काका, एकही नाही' एवढं म्हणायचं होतं. समोर हा वाळलेला माणूस, आणि त्याच्या हातची एकही भिंत आजवर फाटली नव्हती. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं.

"आहे, काका."

त्यांचा हात भिंतीवर थांबला. "केवढी?"

"केसाएवढी. एक नाही, बऱ्याच आहेत."

"तिरपी हाय? खिडकीच्या कोपऱ्यातून निंघून खाली कोन्याकडं गेली का?"

मी स्टूल मागवून वर चढले. बोटाने एकेक भेग तपासली. "नाही. तिरपी एकही नाही. कोपऱ्याकडे काहीच नाही. जाळ्यासारख्या आहेत, बारीक बारीक, वरच्या वर."

"नखानं खरवड."

मी खरवडलं. गिलाव्याचा पातळ पापुद्रा निघाला. आतली वीट कोरी होती.

"आत नाही, काका. वीट चांगली आहे."

त्यांनी श्वास सोडला. "मंग तो गिलावा हाय. भिंत नाही." तळहात भिंतीवरच ठेवून म्हणाले, "गिलाव्याले पाणी कमी पडलं. मे महिन्यात. आठ दिवस कोणी मारलं नाही." मग अगदी हळू, जणू कबुली द्यावी तसं म्हणाले, "त्या आठवड्यात मी खरंच थकलो होतो, पोरी."

मी म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही कोणाला तरी नाही म्हणताय."

"सगळ्याईलेच तसं वाटलं," ते म्हणाले आणि हसले.

मी ऑटो आहे का ते पाहायला फाटकापर्यंत गेले. परत वळून पाहिलं तर काका ओसरीत, त्याच कोपऱ्याला पाठ टेकून खाली बसले होते. रुमाल मांडीवर, तोंड किंचित उघडं. त्यांना झोप लागली होती. पलीकडे मुली तेराच्या पाढ्यात अडखळत होत्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. मी त्याला हाताने थांब म्हटलं.